जुन्या फियाटचं दार टक-टक वाजतं, लांबी परत परत तडकते: आजार नेमका कुठे असतो?

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमानं येते. पद्मिनी (जुन्या फियाटचंच पुढचं नाव) घेतली, हौसेनं कस्टम करायला काढली. दारावरची क्रोमची पट्टी नको, अंग साफ दिसलं पाहिजे, म्हणून पट्टी काढून तिची भोकं वेल्डिंगनं बुजवली. वर लांबी (खोलगट जागा भरायची पुटी), प्रायमर, सरफेसर, रंग. गाडी बाहेर आली तेव्हा आरशासारखी. पुढच्या उन्हाळ्यात दार लावताना मधला पत्रा 'टक्' करून आत बसायला लागला आणि तळवा टेकवला की 'टुक्' करून बाहेर. पाऊस संपता संपता पट्टीच्या जुन्या रेषेवर बारीक चीर उमटली. गाडी परत मिस्त्रीकडे. त्यानं लांबी खरवडली, जिथे पत्रा वाजतो तिथे गॅसनं लाल ठिपका केला, ओलं फडकं मारलं, आवाज बंद. परत लांबी, परत रंग. वर्षभरानं परत तेच, फक्त आवाजाची जागा चार बोटं सरकलेली.

"मिस्त्री, तेवढं आणखी एकदा गरम करून द्या की," असं म्हणत गाडी तिसऱ्यांदा आणण्याआधी हे वाचा. कारण वाजणारी जागा बहुतेक वेळा निर्दोष असते. दोष शेजारच्या वेल्डिंगच्या रेषेत असतो, आणि निर्दोष जागेला दिलेला प्रत्येक चटका दाराला आणखी कमजोर करून जातो.

पत्रा वाजतो म्हणजे काय होतं

रॉकेलच्या जुन्या डब्याचा तळ दाबून बघितला असेल तर ही गोष्ट सांगायला नको. कडा चारी बाजूंनी बांधलेल्या आणि मधला पत्रा त्या चौकटीच्या मानानं किंचित जास्त. त्या जास्तीच्या पत्र्याला राहायला जागा नाही, म्हणून तो एकतर बाहेर फुगतो नाहीतर आत बसतो. मध्ये कुठे थांबू शकत नाही.

आता 'मधला पत्रा जास्त' ही अवस्था दोन वाटांनी येते. मधला पत्रा खरोखर ताणला गेला, म्हणजे कोणी आतून ठोकून खड्डा काढला आणि हातोडीखाली पत्रा पातळ होऊन पसरला, ही एक. किंवा मधला पत्रा जसा होता तसाच आहे, पण त्याच्या बाजूची एखादी रेष आकसली. दोन्हींत आवाज एकच, लक्षण एकच, पण इलाज एकमेकांच्या अगदी उलट. पहिल्यात पत्रा आकसवायचा, दुसऱ्यात आकसलेली रेष ताणायची. गॅरेजांमध्ये सरसकट पहिलाच इलाज होतो, कारण गॅसची नळी हाताशी असते आणि परिणाम लगेच ऐकू येतो.

उलटं लक्षणही ओळखून ठेवा. मध्य नीट ताठ आहे पण दाराची कड लाटांसारखी वर-खाली झालेली दिसते, तर कड मध्यापेक्षा लांब झाली आहे. दाराची नवीन स्किन (बाहेरचा पत्रा) बसवताना खालची दुमड जोरजोरानं ठोकली की हे होतं. तो आजार वेगळा, आज त्यात शिरत नाही.

वेल्डिंग पत्रा का खातं

एक भोक बुजवताना साधारण सेंटिमीटरभर जागा लाल होते. लोखंडाचा स्वभाव असा की तापमान एक अंश वाढलं की लांबी दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. १० मिमीची ती जागा ७०० अंशांनी तापली तर तिला ०.०८ मिमीच्या वर पसरायचं असतं. पण आजूबाजूचा थंड पत्रा पसरू देत नाही, म्हणून ती आतल्या आत दाबून जाड होते. थंड होताना मात्र ती आजूबाजूच्या पत्र्याला ओढत आकसते. ती मूळ मापापेक्षा आखूड होऊन थांबते.

एका भोकाला एवढंसंच. पण पट्टीची भोकं एका ओळीत असतात. आठ भोकं धरली तर त्या ओळीत अर्ध्या मिलिमीटरच्या वर पत्रा कमी झाला. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून जरा हिशेब करून बघा. एक मीटर लांबीचा अगदी सपाट पत्रा दोन्ही टोकांना घट्ट धरला आणि त्याला अर्धा मिलिमीटर लांबी जास्त झाली, तर मधोमध तो जवळजवळ १४ मिमी फुगतो. एक मिलिमीटर जास्त झाली तर १९ मिमी. एवढ्याशा लांबीतून एवढी उंची निघते, म्हणूनच तर लोक फसतात. दार पाऊण इंच फुगलेलं दिसतं आणि वाटतं, बाप रे, केवढा पत्रा जास्त झालाय! लगेच चटके सुरू.

आता हाच हिशेब थोडा बदलून बघा. पत्रा सपाट नाही, त्याला कारखान्यातून आलेलं २० मिमीचं पोट आहे. त्याला तोच अर्धा मिलिमीटर जास्त दिला तर पोट २० चं २४ होतं. नुसतं ४ मिमीनं हलतं. म्हणजे पत्र्यात मूळचा बाक जितका शिल्लक, तितका तो लहानसहान चुका पचवतो. बाक गेला की अर्ध्या मिलिमीटरलाही उसळतो.

आजार परत परत का येतो, याचं उत्तर इथेच आहे. वाजणाऱ्या निर्दोष जागेला चटका दिला की आवाज बंद होतो, कारण तिथलाही पत्रा आखूड होऊन आकसलेल्या रेषेच्या मापाचा झाला. पण त्या बदल्यात दाराचा बाक गेला. आता दार जास्त सपाट, म्हणून आधीपेक्षा जास्त हळवं. पुढच्या उन्हात ते दुसऱ्या जागी वाजणारच.

सकाळी गप्प, दुपारी वाजतं

ही तक्रार खूपजण करतात आणि त्यांना वाटतं मिस्त्री आपल्याला वेड्यात काढेल. नाही काढणार, खरी आहे. गडद रंगाचं दार मे महिन्याच्या उन्हात सावलीतल्यापेक्षा सहज ३०-४० अंशांनी जास्त तापतं. बाहेरचा पत्रा तापला, आतली चौकट तेवढी तापली नाही, तर मीटरभराच्या पत्र्याला जवळपास अर्धा मिलिमीटर जादा लांबी तात्पुरती मिळते. काठावर असलेलं दार तेवढ्यानं पलीकडे जातं. म्हणून गाडी घेताना किंवा काम झाल्यावर ताब्यात घेताना सकाळी आठ वाजता सावलीत बघू नका. दुपारी तीनला उन्हातून काढून बघा.

आजार शोधायची पद्धत

आधी लांबी आणि रंग पूर्ण उतरवा. ग्राइंडरला जाड डिस्क लावून नाही. ग्राइंडरची उष्णतासुद्धा पातळ पत्र्याला वाकडं करते, आणि मग कोणता दोष जुना आणि कोणता आज झालेला हे कळणार नाही. पेंट रिमूव्हर लावा, पत्रीनं खरवडा, उरलेलं हातानं घासा. वेळ लागतो, लागू द्या.

आतलं कार्ड (दाराचं आतलं अस्तर), काच, काच वर-खाली करायचं मशीन सगळं काढा. आतून हात गेला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच जमणार नाही.

मग अंगठ्याची परीक्षा. पत्रा आत बसलेल्या अवस्थेत ठेवा. वाजणारी जागा सोडून तिच्या कडेकडेनं आतून बाहेर अंगठ्यानं किंवा मुठीनं हलका दाब देत चला. जुनं वेल्डिंग, बुजवलेली भोकं, ठिगळाच्या कडा, कुठलीच जागा सोडू नका. एका ठिकाणी असं होईल की तुम्ही तिथे नुसता दाब धरून ठेवलाय आणि दुसऱ्या हातानं वाजणारी जागा दाबली तर ती वाजायची थांबलेली आहे. ताठ लागते. तिथे खूण करा. तुम्ही दाबून धरलंत तेव्हा ती खाली बसलेली रेष वर आली आणि पत्र्याला त्याची जागा परत मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. आकसलेली जागा ती.

सगळीकडे दाबून बघितलं आणि कुठेच फरक पडला नाही, तरच समजा की मधला पत्रा खरोखर ताणला गेला आहे. त्याची साक्ष आणखी एका गोष्टीत मिळते. आतून बघितलं तर हातोडीचे दाट वळ दिसतात, आणि त्या जागी पत्रा बोटांना पातळ लागतो.

सपाट पट्टीनं मोजून भागत नाही, कारण दार मुळात सपाट नसतं. दुसऱ्या बाजूचं दार धड असेल तर त्याच्यावर जाड पुठ्ठा धरून बाकाचा साचा कापून घ्या. उभा एक, आडवे दोन-तीन. साचा उलटा करून या दारावर धरला की फट कुठे आहे ते डोळ्यांनी दिसतं. दोन्ही दारं गेलेली असतील तर दुसऱ्या पद्मिनीचा मालक शोधा आणि त्याच्या दारावर पुठ्ठा धरायची परवानगी मागा. पद्मिनीवाले असल्या कामाला नाही म्हणत नाहीत, उलट चहा पाजून स्वतःच्या गाडीचं पुराण ऐकवतात.

एक दार, जवळून

आमच्याकडे आलेल्या एका पांढऱ्या पद्मिनीच्या पुढच्या डाव्या दाराचं काम त्याआधी दुसरीकडे झालेलं होतं, तेही एकापेक्षा जास्त वेळा. रिमूव्हर लावून पत्री घातली तेव्हा पट्टीच्या रेषेवरून लांबीची ढलपी सुटून आली. चिमटीत धरली तर तिच्या कडेला थर वेगवेगळे दिसत होते: खाली राखाडी, वर पिवळसर, त्यावर गुलाबी, म्हणजे हार्डनर जास्त पडलेला. सगळ्यात जाड भाग बोटाच्या पेराएवढा. त्याखाली बुजवलेल्या भोकांची ओळ, आणि ओळच्या ओळ आत बसलेली, उथळ पन्हळीसारखी. पण खरी गंमत तिच्या खालच्या पत्र्यावर होती. तिथे निळसर-तपकिरी गोल डाग, एकमेकांना खेटून. आधीच्या माणसानं दर वेळी आवाजाचा पाठलाग केला होता. डाग होते तिथला पत्रा कडक झालेला, बारीक सुरकुत्या पडलेल्या, आणि बाक म्हणाल तर औषधालाही नाही.

अंगठा पन्हळीत आतून टेकवला आणि खाली दाबून बघितलं. ताठ. अंगठा काढला, टक्.

इलाज: आकसलेली रेष ताणायची

वेल्डिंगचा उंचवटा आधी दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या जवळपास आणायचा. बारीक फ्लॅप डिस्क, हलका हात, एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पत्र्याला हात लावून बघत राहायचं. हात धरवत नाही एवढा तापला तर थांबायचं.

मग आतून डॉली, म्हणजे हातात धरायचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा, थेट वेल्डच्या पाठीमागे घट्ट धरायची आणि बाहेरून सपाट तोंडाच्या हातोडीनं वेल्डवर हलके, भराभर ठोके. डॉलीचं तोंड पत्र्याच्या बाकापेक्षा किंचित जास्त गोल असावं. ठोका डॉलीवर नीट बसला की खणखणीत आवाज येतो. हुकला की भद्द. भद्द आवाजाचा ठोका पत्रा ताणत नाही, नुसता आत ढकलतो, म्हणून कान उघडे ठेवून काम करा. हातोडी आणि डॉली यांच्यामध्ये चेपून लोखंड पसरतं, आणि आकसलेली लांबी थोडी थोडी परत येते.

ठोके फक्त वेल्डवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्यात, कारण आकसलेला भाग तेवढाच आहे. त्याच्या बाहेर मारत सुटलात तर चांगला पत्रा ताणाल आणि मग दोन्ही आजार एकत्र नांदतील. तीन-चार भोकं झाली की थांबा, अंगठ्यानं वाजवून बघा, पुठ्ठा धरा. पन्हळ वर येत जाते तसा आवाज आधी बारीक होतो, मग नुसती लवचीक हालचाल उरते, मग तीही जाते. बहुतेक वेळा हे अचानक घडतं: आत्तापर्यंत डबा होता, पुढच्या दहा ठोक्यांत दार झालं.

इथे वेल्डिंग कोणतं केलंय याला महत्त्व आहे. सीओटू (मिग) वेल्डिंगचा मणी, म्हणजे वेल्डचा उंचवटा, कडक असतो, ठोकून लवकर पसरत नाही, आणि जास्त ठोकला तर कडेनं चिरतो. गॅस किंवा आर्गॉनचा (टिग) वेल्ड मऊ राहतो, हातोडी सोसतो. म्हणूनच जुने मिस्त्री अजून गॅसची नळी सोडत नाहीत. मला ते हट्टी वाटत नाहीत. पण नवीन पोरांच्या हातात गॅस दिला की उष्णता पसरून पत्रा आणखी वाकतो हेही खरं. सीओटूच वापरायचं असेल तर ०.६ मिमीची तार घ्या, एक टाका मारा, बोट ठेवता येईल इतका थंड होऊ द्या, घासा, ठोका, मग पुढचा. शेजारचं भोक लगेच घ्यायचं नाही. एक इथे, एक ओळीच्या पलीकडच्या टोकाला. टाका मारून लगेच पाण्याचं फडकं मारायची सवय असेल तर ती आकसवायच्या कामापुरती ठेवा. इथे तुम्हाला आकसणं नकोच आहे.

त्या पांढऱ्या दाराचे निळे डागही ताणावे लागले, कारण ती जागा आता खरोखरच आखूड झाली होती. कडक झालेल्या पत्र्याला हातोडी नीट लागत नव्हती. हलकं गरम करून सावकाश थंड होऊ दिला तेव्हा कुठे तो ऐकायला लागला. वेल्डच्या रेषेपेक्षा दुप्पट वेळ त्यात गेला.

भोकं बुजवण्याआधीचं एक छोटं काम लोक टाळतात. पट्टीच्या क्लिपा वर्षानुवर्षं ओढून भोकाची कड बाहेर आलेली असते. आधी ती डॉलीवर बसवा, मगच टाका. भोकामागे तांब्याचा जाड तुकडा दाबून धरला तर तो उष्णता ओढून घेतो, आणि टाक्याचा रस त्याला चिकटतही नाही.

चटका कधी द्यायचा

अंगठ्याच्या परीक्षेत पत्रा खरोखर ताणलेला निघाला तरच. तेव्हाही सगळ्यात उंच टोक शोधून तिथे लहान ठिपका, दहा मिलिमीटरच्या आसपास, चेरीच्या रंगाचा लाल. पिवळा होईस्तोवर थांबलात तर भोक पडेल. ज्योत काढताक्षणी आतून डॉली सैल टेकवून बाहेरून लाल ठिपक्याभोवती चार-पाच हलके ठोके, मग ओलं फडकं. पूर्ण थंड होऊ द्या, मग वाजवून बघा. पुढचा ठिपका खेटून नको, अंतर राखून. आणि एक ठिपका कमी पडला तरी चालेल, जास्त नको; उरलेलं हातोडी-डॉलीनं निभतं.

हल्ली ग्राइंडरला लावायची गुळगुळीत स्टेनलेस चकती मिळते. ती फिरवली की फक्त उंचवटे घासून तापतात, वर ओलं फडकं फिरवायचं. नवख्या माणसाच्या हातात गॅसपेक्षा मला ती सुरक्षित वाटते. पत्रा एकदम आकसत नाही, त्यामुळे थांबायला वेळ मिळतो.

ठिगळ असेल तर

पद्मिनीच्या दारांचा खालचा भाग गंजतो, कारण काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी खालच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं आणि ती भोकं चिखलानं नाहीतर आधीच्या कोणाच्या तरी लांबीनं बंद झालेली असतात. मग खालचा पट्टा कापून नवीन पत्र्याचं ठिगळ बसतं. हे ठिगळ बहुतेक गॅरेजांत एकाच दिशेनं वळवलेलं असतं: वरून खाली बाक आहे, पुढून मागे सरळ. मूळ दाराला दोन्ही दिशांना बाक असतो, पुढून मागे अगदी थोडा, डोळ्याला दिसतही नाही. पण वरचा हिशेब आठवा. तो थोडासा बाकच दार ताठ ठेवतो. एका दिशेनं सरळ असलेलं ठिगळ कितीही सफाईनं वेल्ड केलं तरी ते वाजायला निमित्तच शोधत असतं.

वेल्डिंगच्या आधी ठिगळाच्या मध्याला किंचित ताण द्या. इंग्लिश व्हील (दोन चाकांमधून पत्रा फिरवून बाक द्यायचं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर वाळू भरलेली कातडी पिशवी आणि लाकडी मोगरी, मग डॉलीवर सफाई. पुठ्ठ्याचा साचा आडवा धरून फट राहत नाही तोवर वेल्डिंगला हात लावू नका. पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, डीडी (डीप ड्रॉइंग) ग्रेड मागा, तो मऊ असतो. जाडी जुन्याच्या बरोबरीची, सहसा २० गेज, म्हणजे ०.९ मिमी. हल्लीच्या गाड्यांचा पातळ पत्रा जुन्या दाराला लावला तर जोडावर दोन्हींची ओढाताण होते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा स्वस्त पडतो म्हणून आणू नका. जस्ताचा धूर फुफ्फुसात जातो आणि वेल्डही सच्छिद्र येतो.

लांबीचा दोष किती

लांबीला उगाच शिव्या बसतात. पत्रा हलत नसेल तर दोन-तीन मिलिमीटर चांगली पॉलिएस्टर लांबी वर्षानुवर्षं राहते. हलणाऱ्या पत्र्यावर जगातली कुठलीच लांबी राहत नाही, मग ती कितीही महाग असो. हार्डनर वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात लवकर सुकावी म्हणून जास्त टाकला तर ठिसूळ होते आणि रंगातून डाग वर येतात. उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर मारा, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. लांबी हवेतली ओल पिते, आणि खाली गंज धरला की पापुद्रा सुटतो. लांबी घासल्यावर पाणी पेपरनं ओली घासाई करून गाडी रात्रभर तशीच ठेवायची पद्धतही याच कारणासाठी बंद करा.

लांबी नकोच असेल तर शिसं आहे. अमेरिकेत १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरी गाड्यांची छपरं कापून बुटकी करायचे तेव्हा सगळे जोड शिशानंच भरायचे, त्या गाड्यांना 'लेड स्लेड' (लेड म्हणजे शिसं) हे नाव त्यातूनच पडलं. ७० भाग शिसं आणि ३० भाग कथील हा मिश्रधातू १८३ अंशांना मऊ व्हायला लागतो आणि २५० च्या वर जाऊन पूर्ण पातळ होतो. मधल्या टप्प्यात तो लोण्याइतका मऊ राहतो, लाकडी पट्टीनं सारवता येतो. पत्र्याला आधी कल्हई करावी लागते, आणि ही भांड्यांना करतात तीच कल्हई: साफ धातू, फ्लक्स (कथील धरावं म्हणून लावायचं रसायन), पातळ कथील, कापसानं पुसून घेतलेला चकचकीत थर. कल्हई नीट लागली नाही तर वरचं शिसं ढलपीनं निघतं. फ्लक्स खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढा, नाहीतर रंग फुगतो. आणि शिसं कानशीनंच उतरवा, ग्राइंडर किंवा सॅंडर लावून धूळ उडवू नका. ती धूळ विषारी असते, घरी कपड्यांवरून मुलांपर्यंत जाते. पट्टीच्या भोकांच्या ओळीसाठी शिसं हा मला सगळ्यात पटणारा मार्ग. वेल्डिंगच्या मानानं उष्णता इतकी कमी लागते की पत्रा आकसण्याचा प्रश्नच उभा राहत नाही. भोकामागे पातळ चकती झाळून घ्यायची आणि वर शिसं.

कापाकापी करण्याआधी कागद बघा

भोकं बुजवणं वेगळं आणि छप्पर कापणं, मडगार्ड रुंद करणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. त्यांत ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच बसते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डी १९६४ पासून बनायला लागली, पद्मिनी हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळालं. म्हणजे सुरुवातीच्या गाड्या या नियमात केव्हाच बसल्या आहेत आणि पुढच्या एकेक करून बसत चालल्या आहेत. त्याच्याही आधीची, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात, ती गाडी हाती असेल तर तिच्या अंगाला करवत लावण्याआधी चार वेळा विचार करा. दाराची पट्टी उद्या परत बसवता येते, कापलेलं छप्पर नाही. काढलेली पट्टी आणि क्लिपा त्यासाठीच कापडात गुंडाळून ठेवा. पुण्यात नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या जुन्या मालात शोधायला गेलात तर डावी मिळेल आणि उजवी मिळणार नाही.

रंगाला पाठवण्याआधी

प्रायमर मारून दार गाडीवर चढवा, काच-मशीन सगळं परत बसवा आणि गाडी एक दुपार उन्हात सोडा. तापलेलं दार दहा-बारा वेळा नेहमीच्या जोरानं आपटून लावा. तळव्यानं पट्टीच्या रेषेवर, तिच्या वर आणि खाली दाबून बघा. मग सावलीत घेऊन थंड झाल्यावर परत दाबा. दोन्ही वेळा गप्प राहिलं तर आतून निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा, आतल्या दुमडीत मेण किंवा गंजरोधक तेल सोडा, आणि मगच रंगवाल्याला फोन करा. एकदा जरी टक् झालं तर कार्ड परत काढा आणि अंगठ्यापासून सुरुवात करा. प्रायमर खरवडणं स्वस्त पडतं, रंग नाही.